क्लायंटची जुनी वेबसाइट नवी कशी करतात? आणि त्यात ऑनलाइन कोर्स जोडताना काय सांभाळावे लागते?

एखाद्या संस्थेची दहा-बारा वर्षांपूर्वीची वेबसाइट असते. मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी दिसतात, ‘नवीन बॅच सुरू’ या पाटीखाली चार वर्षांपूर्वीची तारीख असते आणि चौकशीचा फॉर्म भरला तर तो कुठे जातो, हे संस्थेतही कुणाला ठाऊक नसते. मग एक दिवस ठरते, की वेबसाइट नवी करायची आणि तिच्यावरच ऑनलाइन कोर्स सुरू करायचे.

ऐकायला हे एकच काम वाटते, पण ही दोन कामे आहेत. वेबसाइट नवी करणे म्हणजे जुन्या घराची दुरुस्ती. कोर्स जोडणे म्हणजे त्याच घराच्या ओसरीवर दुकान उघडणे. तिथे पैसे घेतले जातात, लोकांची माहिती साठवली जाते आणि ठरलेली सेवा देण्याची जबाबदारी येते. दोन्ही कामे एकाच कोटेशनमध्ये, एकाच तारखेला उरकायची ठरवली की घोळ सुरू होतो.

या लेखात एक काल्पनिक उदाहरण सोबतीला घेऊ. समजा, एक छोटी संस्था बऱ्याच वर्षांपासून मोडी लिपीचे वर्ग घेते. वर्ग खोलीत भरतात, पण आता नाशिकपासून अमेरिकेपर्यंतचे लोक ऑनलाइन शिकायला मागतात. या संस्थेची वेबसाइट नवी करायची तर काय काय करावे लागेल?

आधी हे पाहा: वेबसाइट कुणाच्या नावावर आहे?

वेबसाइट म्हणजे एक वस्तू नसते. तिचे तीन भाग असतात. पहिला डोमेन, म्हणजे पत्ता. दुसरा होस्टिंग, म्हणजे फाइली ठेवण्याची भाड्याची जागा. तिसरा भाग म्हणजे कोड, मजकूर आणि फोटो.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवले जाते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. त्याची आठवण करून देणारी ईमेल नोंदणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर जाते. अनेक छोट्या संस्थांचे डोमेन जुन्या डेव्हलपरच्या, नाही तर एखाद्या भाच्या-पुतण्याच्या ईमेलवर नोंदवलेले असते. तो नोकरीनिमित्त दुसरीकडे गेला आणि नूतनीकरण राहिले, तर सवलतीचा काळ उलटल्यावर तेच नाव दुसरे कुणीही घेऊ शकते. संस्थेच्या पाट्या, पावत्या, व्हिजिटिंग कार्ड या सगळ्यांवर छापलेला पत्ता मग परक्याचा होतो.

म्हणून पहिले काम डिझाइनचे नाही. डोमेन आणि होस्टिंगची खाती संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या मोबाइल नंबरवर आणणे, हे पहिले काम. डेव्हलपरला काम करण्यापुरता वेगळा प्रवेश देता येतो. मालकाचा पासवर्ड त्याला देण्याची गरज नसते.

कोडबद्दलही एक गैरसमज आहे. ‘पैसे दिले, म्हणजे सगळे आमचे’ असे क्लायंटला वाटते. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम हे साहित्यकृतीत मोडतात. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क मात्र, वेगळा करार नसेल तर, त्याच्याकडेच राहतो. हक्क हस्तांतरित करायचे तर कलम १९प्रमाणे लेखी आणि सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. एका ओळीच्या राहून गेलेल्या अटीचा हा परिणाम आहे.

जुन्या वेबसाइटची मोजदाद

पाडकाम करण्याआधी घरातल्या सामानाची यादी करतात, तशीच इथेही करावी. जुन्या वेबसाइटवरचे प्रत्येक पान एका एक्सेल तक्त्यात लिहायचे. पुढे त्याचा पत्ता, विषय आणि तिथे महिन्याला किती लोक येतात हे नोंदवायचे. गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन ही माहिती देते. लोक काय शोधून त्या पानावर पोहोचतात, हेही त्यातून कळते.

यादी झाली की प्रत्येक पानाबाबत तीनपैकी एक निर्णय घ्यायचा: ठेवायचे, दुसऱ्या पानात मिसळायचे किंवा काढून टाकायचे. मोडी वर्गाच्या वेबसाइटवर ‘मोडी बाराखडी’ हे साधे, कुरूप पान सर्वांत जास्त वाचले जात असेल, तर नव्या डिझाइनच्या उत्साहात ते उडवणे म्हणजे दुकानाचा दर्शनी दरवाजाच भिंत घालून बंद करणे.

पानाचा पत्ता बदलत असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ‘३०१’ प्रकारचे रीडायरेक्ट लावतात. ‘हे पान कायमचे इकडे हलले आहे’ असा निरोप त्यातून ब्राउझरला आणि गूगलला मिळतो. ‘३०२’ म्हणजे तात्पुरता बदल. ही रीडायरेक्ट शक्य तितका जास्त काळ, निदान वर्षभर तरी ठेवावीत, असा गूगलचा सल्ला आहे. ती लावली नाहीत, तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर, जुन्या फेसबुक पोस्टमध्ये आणि इतरांच्या लेखांत दिलेल्या सगळ्या लिंक एका रात्रीत मरतात.

मराठी वेबसाइटचा आणखी एक जुना आजार इथेच सापडतो. पूर्वी अनेक ठिकाणी मजकूर युनिकोडमध्ये नसून विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असलेल्या पद्धतीने टाइप केलेला असे. तो फॉन्ट नसेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि सर्चमध्ये तो सापडतही नाही. असा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, पण जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. म्हणून माणसाने वाचून तपासणे गरजेचे असते. हा वेळ वेळापत्रकात धरलाच पाहिजे.

डिझाइन: दिसण्याआधी चालणे

बहुतेक लोक फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअॅपवरच्या लिंकवरून मोबाइलवर येतात. गूगलही वेबसाइटची नोंद घेताना तिचे मोबाइलवरचे रूप प्रमाण मानते. त्यामुळे आराखडा आधी मोबाइलचा आणि मग संगणकाचा.

वेगासाठी गूगलने तीन मोजमापे ठरवली आहेत. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा. बटण दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा. पान उघडताना मजकूर इकडे-तिकडे उड्या मारू नये, म्हणजे त्याचा आकडा ०.१च्या वर जाऊ नये. पहिल्या पानावर पाच मोठे फिरते फोटो लावायचा क्लायंटचा आग्रह असेल, तर हे आकडे त्याच्यासमोर ठेवावेत.

देवनागरीला काही खास गरजा आहेत. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, नाही तर अक्षरे कापली जातात. मजकुराचे फोटो करून टाकू नयेत. ते सर्चमध्ये येत नाहीत आणि दृष्टिहीनांचे स्क्रीन रीडर त्यांना वाचू शकत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक निदान ४.५ला १ असावा, असे वेब सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरे ही फॅशन त्यात बसत नाही.

आता पत्त्यांची गंमत. वेबसाइटचा पत्ता मराठीत ठेवता येतो. पण कॉपी करून पाठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ इंग्रजी चिन्हे होतात. ‘अभ्यासक्रम’ या शब्दात जोडणीची चिन्हे धरून १० चिन्हे आहेत. म्हणजे तो एक शब्द ९० चिन्हांचा होतो. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्यासाठी २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणून साधारण २२ चिन्हांनंतर मराठी पत्ता मध्येच तुटतो. छोटा, रोमन लिपीतला पत्ता आणि मराठी शीर्षक ही जोडी त्यामुळे सोयीची पडते.

मोडीच्या उदाहरणात अजून एक पेच आहे. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, पण बहुतेक फोनमध्ये तिचा फॉन्ट नसतो आणि अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. वेबसाइटसोबतच फॉन्ट पाठवण्याची सोय करावी लागते. नोटो सान्स मोडीसारखा मोफत फॉन्ट त्यासाठी वापरता येतो.

कोर्ससाठी कोणती व्यवस्था?

ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला एलएमएस म्हणतात. कुणी प्रवेश घेतला, कोणता धडा पाहिला, चाचणीत किती गुण मिळाले, प्रमाणपत्र कधी द्यायचे, हा सगळा हिशोब ते ठेवते. मुख्य पर्याय तीन आहेत.

पहिला, वर्डप्रेसमध्येच प्लगिन लावणे. वर्डप्रेस २००३पासून आहे आणि जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. लर्नडॅश, ट्यूटर एलएमएस यांसारखी प्लगिन त्यात कोर्सची सोय जोडतात. वेबसाइट आणि कोर्स एकाच छताखाली राहतात. पण अपडेट, बॅकअप आणि सुरक्षा यांची जबाबदारी स्वतःवर येते.

दुसरा, मूडल. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर २००२पासून उपलब्ध आहे आणि जगभरची विद्यापीठे ते वापरतात. परीक्षा, गृहपाठ, गट अशा शैक्षणिक सोयी भरपूर आहेत. चार कोर्स विकणाऱ्या छोट्या संस्थेला मात्र ते अंगाबाहेरचे वाटू शकते.

तिसरा, टीचेबल किंवा थिंकिफिकसारखी भाड्याची सेवा. सर्व्हरची डोकेदुखी नाही आणि सुरुवात लवकर होते. पण भाडे चालू राहते आणि नियम त्या कंपनीचे असतात. ही सेवा घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: उद्या सोडून जायचे ठरवले, तर विद्यार्थ्यांची यादी, धडे आणि प्रगतीच्या नोंदी बाहेर काढता येतील का?

निवड करताना सोयींची यादी बघण्यापेक्षा रोज हे कोण चालवणार, ते आधी ठरवावे. संस्थेतील साठीच्या मॅडमना नवा धडा स्वतः चढवता आला नाही, तर कितीही चांगली व्यवस्था सहा महिन्यांत ओस पडते.

व्हिडिओ कुठे ठेवायचे?

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे व्हिडिओ वेबसाइटच्याच होस्टिंगवर चढवणे. हिशोब सोपा आहे. मध्यम दर्जाचा व्हिडिओ सेकंदाला साधारण २ मेगाबिट धरला, तर एका तासाला ९०० एमबी होतात. कोर्स १० तासांचा आणि विद्यार्थी २०० असतील, तर प्रत्येकाने एकदाच पाहिला तरी १,८०० जीबी डेटा जातो. स्वस्त होस्टिंगवर एवढा भार पडला की वेबसाइटच बंद पडते.

म्हणून व्हिडिओसाठी वेगळी सेवा घेतात. ती एकाच व्हिडिओच्या अनेक प्रती ठेवते आणि नेटच्या वेगाप्रमाणे योग्य ती दाखवते. गावातल्या कमकुवत नेटवरही धडा अडखळत का होईना, चालतो. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवणे फुकट असते, पण लिंक ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो. विमिओसारख्या सेवेत ठरावीक वेबसाइटवरच व्हिडिओ चालावा, असे बंधन घालता येते. त्याहून कडक कुलूप हवे तर डीआरएम असते.

कोणतेही कुलूप पूर्ण भक्कम नसते, कारण दुसऱ्या मोबाइलने स्क्रीनचे चित्रीकरण करता येते. व्हिडिओवर विद्यार्थ्याचे नाव किंवा नंबर पुसट उमटवणे हा बऱ्यापैकी चालणारा उपाय आहे. शिवाय गृहपाठ तपासणे, शंकांचा थेट तास घेणे या गोष्टींची चोरी होत नाही. विद्यार्थी पैसे बहुधा त्यासाठीच देतो.

३,००० रुपयांतले हातात किती?

ऑनलाइन पैसे घेण्यासाठी पेमेंट गेटवे लागतो. खाते उघडताना पॅन, बँक खाते आणि व्यवसायाचा पुरावा द्यावा लागतो. वेबसाइटवर संपर्काचा पत्ता, अटी, गोपनीयता धोरण आणि परताव्याचे धोरण असल्याशिवाय मंजुरी सहसा मिळत नाही. त्यामुळे ही पाने शेवटी न ठेवता सुरुवातीलाच लिहावीत. परदेशी कार्डांसाठी वेगळी मंजुरी लागते. अमेरिकेतले किंवा आखातातले मराठी विद्यार्थी अपेक्षित असतील, तर तो अर्ज आधीच करावा.

खासगी ऑनलाइन कोर्सवर साधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्या संस्थेने कराचा समावेश करून कोर्सची किंमत ३,००० रुपये ठेवली, तर त्यातले सुमारे ४५८ रुपये कराचे असतात. गेटवेचे शुल्क २ टक्के धरले तर ६० रुपये आणि त्यावरचा कर १० रुपये ८० पैसे. म्हणजे हातात साधारण २,४७१ रुपये येतात. व्हिडिओ सेवेचे भाडे, एसएमएस आणि जाहिरात यांचा खर्च त्यानंतर. किंमत ठरवण्याआधी हा हिशोब सीएकडून तपासून घ्यावा.

कायदा काय सांगतो?

२०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क वेबसाइटवर द्यायचा असतो. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि तिचे निवारण महिन्याभरात करायचे.

‘फक्त दोन तास उरले!’ असे खोटे घड्याळ लावणे, न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणे, या युक्त्यांना २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ‘डार्क पॅटर्न’ ठरवून मनाई केली आहे. पान पुन्हा उघडल्यावर घड्याळ परत दोन तासांवर आले, तर ती सवलत खोटी आहे हे विद्यार्थ्यांनीही ओळखावे.

माहितीच्या बाबतीत २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा महत्त्वाचा आहे. तो १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो. शाळकरी मुलांसाठी कोर्स असेल तर फॉर्मची रचनाच त्याप्रमाणे करावी लागते. सोपा नियम असा: ज्या माहितीचे काम नाही, ती विचारूच नये. मोडी शिकवायला जन्मतारीख आणि आधार क्रमांक लागत नाही.

नवी वेबसाइट सुरू करण्याचा दिवस

नवी वेबसाइट आधी वेगळ्या, बंद जागी तयार करतात. तिला स्टेजिंग म्हणतात. तिथे ‘सर्च इंजिनने ही वेबसाइट नोंदवू नये’ अशी खूण केलेली असते. सुरू करताना ती खूण काढायची राहिली, तर वेबसाइट हळूहळू गूगलमधून नाहीशी होते आणि कारण आठवडेच्या आठवडे कळत नाही.

दुसरा धोका ईमेलचा. होस्टिंग बदलताना डोमेनच्या सगळ्या नोंदी नव्या ठिकाणी हलवल्या जातात. त्यात ईमेलच्या नोंदी राहून गेल्या, तर वेबसाइट झकास दिसते आणि संस्थेचा पत्रव्यवहार मात्र बंद पडतो. पासवर्डची आणि पावतीची ईमेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदीही तपासाव्यात. एसएमएसने ओटीपी पाठवायचा असेल तर डीएलटी नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते. त्यात दिवस जातात.

चाचणी खऱ्या पैशांनी करावी. एखाद्या अनोळखी माणसाच्या हातात साधा अँड्रॉइड फोन द्यावा आणि १० रुपयांचा चाचणी कोर्स विकत घ्यायला सांगावे. शेजारी बसून फक्त पाहावे, मदत करू नये. पैसे कापले गेले आणि नेट मध्येच गेले, तर कोर्स उघडतो का? परतावा मागितला तर काय होते? ही उत्तरे पहिल्या विद्यार्थ्याच्या आधी संस्थेला कळलेली बरी.

शुक्रवारी संध्याकाळी किंवा सणाच्या आदल्या दिवशी वेबसाइट सुरू करू नये. काही बिघडले तर मदतीला माणूस मिळत नाही. जुन्या वेबसाइटचा फाइली आणि डेटाबेस असा दोन्हींचा पूर्ण बॅकअप घ्यावा. तो परत चढवून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

करारात काय लिहावे?

बहुतेक भांडणे तंत्रज्ञानावरून होत नाहीत. ती ‘हे पण त्यातच होते ना?’ या वाक्यावरून होतात. म्हणून पानांची संख्या, कोर्सची संख्या, दुरुस्तीच्या फेऱ्या आणि प्रत्येक टप्प्याची रक्कम लिहून घ्यावी. मजकूर आणि व्हिडिओ क्लायंट कोणत्या तारखेला देणार, हेही लिहावे, कारण उशीर बहुधा तिथेच होतो. सुरू झाल्यानंतर अपडेट कोण करणार, बंद पडली तर फोन कुणाला करायचा आणि त्याचे वार्षिक शुल्क किती, हा वेगळा करार असतो.

थोडक्यात क्रम असा

१. डोमेन, होस्टिंग आणि ईमेल संस्थेच्या ताब्यात आणणे.
२. जुन्या पानांची यादी आणि रीडायरेक्टचा तक्ता करणे.
३. हक्क, टप्पे आणि देखभाल यांचा लेखी करार करणे.
४. आधी वेबसाइट नवी करून सुरू करणे, महिनाभर तिचे काम पाहणे.
५. मग एकच कोर्स, मोजक्या विद्यार्थ्यांसह सुरू करणे.
६. त्यांच्या अडचणी सुटल्यावर पुढचे कोर्स जोडणे.

पहिल्या तुकडीत पंधरा जण असले तरी चालते. धडा न उघडल्याचा त्यातल्या एकाचा फोन आला, तर तो घेऊन लगेच दुरुस्ती करता येते. दीडशे जणांचे फोन एकाच संध्याकाळी आले, तर संस्थेने वर्षानुवर्षे कमावलेले नाव त्या एका संध्याकाळी पणाला लागते.